ससा हाकेला येत नाही

गेल्या आठवड्यात एका ग्रुपवर व्हिडीओ फिरत होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. रात्रीची वेळ, मोटरसायकलचा उजेड, हातात ते नवीन मोठे चार्जिंगचे टॉर्च, माळावर पळणारी पोरं आणि शेवटी कान धरून उचललेले तीन ससे. खाली एकाने विचारलं होतं, "सशाला बोलवायची शिट्टी ऑनलाइन मिळते म्हणे, कुठं भेटंल?" त्यावर दुसऱ्याचं उत्तर, "शिट्टी कशाला, पारध्याला विचार, त्याच्या तोंडातच शिट्टी असती." मग हसणाऱ्या बाहुल्यांची रांग.

व्हिडीओतली पोरं पारधी नव्हती. कोण होती ते लिहीत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखलंय. पण हाच व्हिडीओ तक्रार म्हणून वर गेला असता, तर पहिली जीप कुठल्या पालावर जाऊन थांबली असती, हे देवगाव फाट्यावरच्या कुठल्याही टपरीवाल्याला विचारा. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी त्या शिट्टीचं. अशी शिट्टी मिळते हे खरं आहे. अमेरिकेत, युरोपात शिकारीच्या सामानाच्या दुकानात सशाच्या आवाजाची शिट्टी विकतात. पण तो आवाज सशाच्या किंकाळीचा असतो. जखमी ससा कसा ओरडतो, तसा. आणि ती वाजवली की मुख्यतः ससा खाणारा येतो. तिकडे कोल्हा येतो, कायोट येतो. म्हणजे ही सशाच्या नावाने कोल्ह्याला दिलेली हाक आहे. आपला माळावरचा ससा तर जवळजवळ मुकाच. काळ्या मानेचा, मातकट, गवतात अंग चोरून बसणारा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. बाजारात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा ही वेगळीच जात आहे. आपल्याकडे ती रानात नाही. आपला ससा आयुष्यात मोठ्याने ओरडतो तो बहुधा एकदाच, कुत्र्याच्या तोंडात सापडल्यावर. ज्याने ती किंकाळी ऐकली असेल त्याला लहान लेकरू आठवलं असेल.

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात एका पालावर पंचाहत्तरीच्या आसपासचे एक बाबा आहेत. नाव देत नाही, कारण नाव दिलं की उद्या कुणीतरी चौकशीला जाणार. त्यांना मी सरळच विचारलं, बाबा, सशाला बोलवता येतं का? ते हसले. "साहेब, सशाला काय बोलवायचं? त्यो मुका हाय. मुक्याला मुक्यानंच धरावं लागतं." मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सशाची वाट एकच असते. रोज त्याच फटीतून, त्याच धुऱ्यावरून तो जातो. लेंड्या बघायच्या, कुरतडलेलं गवत बघायचं, फास लावायचा किंवा जाळी ताणायची आणि दुसऱ्या बाजूने न बोलता चालत यायचं. तोंडातून शब्द काढला की ससा वाट सोडतो. शिट्टीवाल्या पोराने हे ऐकायला पाहिजे होतं.

जाळीवरून आठवलं. आपल्याकडे धनगर मेंढ्या कोंडायला जी जाळी लावतात तिला वाघूर म्हणतात. जुन्या मराठीत वाघूर म्हणजे सशा-हरणाला धरायचं जाळंसुद्धा. संस्कृतात वागुरा. पारध्यांची घरातली बोली गुजरातीच्या जवळची, तिला वागरी म्हणतात, आणि ते नावही याच जाळ्यातून आलं असं मानतात. 'पारध' या शब्दाचं मूळ कोशकार 'पापर्धि' असं देतात. म्हणजे ज्यात पाप वाढतं ते काम. शिकार राजाने केली की मृगया होते, फासवाल्याने केली की पाप होतं. भाषेने निकाल कधीच देऊन टाकलाय. आणि ससाणा हा शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थच ससा खाणारा. त्याला मात्र आपण नाव ठेवत नाही, उलट पोरांची नावं बहिरी ससाण्यावरून ठेवतो की काय असं वाटावं इतकं कौतुक करतो. असो, विषयावर येतो.

मग पारध्याच्या तोंडात शिट्टी असते हे खोटं का? नाही, ते खरं आहे. पण ती सशासाठी नाही, तितरासाठी आहे, लाव्यासाठी आहे.

तितराचं गणित आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. नर तितर एक तुकडा धरून बसतो. पहाटे उंचवट्यावर चढून ओरडतो. त्याचा अर्थ एवढाच की हे वावर माझं. दुसऱ्या नराचा आवाज त्या तुकड्यात आला की तो भांडायला पळत येतो. धुऱ्यावरचं भांडणच म्हणा. पारधी एक माणसाळलेला तितर पिंजऱ्यात घालून नेतो, भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फासे रोवतो आणि लांब जाऊन बसतो. पिंजऱ्यातला ओरडतो, रानातला धावत येतो, फाशात पाय अडकतो. पिंजऱ्यातला गप्प बसला तर माणूस स्वतः आवाज काढतो. बाबांच्या शब्दांत, "तितराला आईवरून शिवी दिल्यावानी आवाज काढायचा. त्याला राग आला पाहिजे. राग नाही आला तर येत नाही." लाव्याचं उलटं. पावसाळ्यात लावा जोडीदार शोधत असतो. तिथे रागाचा आवाज चालत नाही, मादीचा बारीक आवाज लागतो. एकाच तोंडातून दोन्ही काढायचे. मी म्हणालो, काढून दाखवा. त्यांनी तळहात तोंडाला लावला, दोनदा फुंकलं, नुसती हवा आली. "दात गेले साहेब. आता निस्तं फू होतंय." बाजूला बसलेला नातू मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला.

हरणाचीही अशीच युक्ती होती. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपात सोडायचं, रानातला नर त्याच्याशी झुंजायला आला की शिंगं फाशात गुंतायची. हे काही चोरून करायचं काम नव्हतं. अकबराच्या दरबारात हरणाकडून हरीण धरायची पद्धत होती आणि अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त ती लिहून ठेवली आहे. तेव्हा ती बादशाही कला होती. माणसाळलेल्या गायीच्या आडून सावजाजवळ जायचं, हेही पारध्यांचं खास. म्हणून पारध्याच्या पालावर गाय दिसली की ती दुधासाठीच असेल असं समजू नका, निदान जुन्या काळात तरी.

थोडक्यात, हे काम बळाचं नव्हतं, कानाचं होतं. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात काय बोलतो, कुणाला बोलतो, राग आला की आवाज कसा बदलतो. हे सगळं न लिहिता एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. मारुती चितमपल्ली आयुष्यभर जंगलात राहून शब्द गोळा करत होते. पारध्यांकडून, गोंडांकडून, कोळ्यांकडून. वनाधिकारी असून ते शिकायला गेले, म्हणून मराठीला तो खजिना मिळाला. बाकीचे अधिकारी पंचनामा करायला गेले.

आता कायद्याकडे. इंग्रजांच्या काळात शिकारीचे दोन वर्ग पडले. एक बंदूकवाला साहेब आणि त्याच्यासोबतचे संस्थानिक, जहागीरदार. तो खेळ. दुसरा फासवाला. ती चोरी. १९१२ साली इंग्रज सरकारने वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या यादीत तितर, लावा, हरीण यांच्यासोबत ससाही होता. वर्षातला काही काळ शिकार बंद, बाकी काळ खुली. बंद काळ कोणता ते प्रांतिक सरकार ठरवणार. बंदूकवाल्याला हे सोपं होतं, तो चार महिने टेनिस खेळेल. ज्याची चूलच फाशावर पेटते त्याने चार महिने काय खायचं, हा प्रश्न त्या कायद्यात कुठेही नाही. आपला भाग तेव्हा निजामाकडे, १९४८च्या सप्टेंबरपर्यंत. पलीकडचा वाशीम-बुलढाण्याचा पट्टा म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांच्या कारभारात. पण पारध्याचं पाल अशी सरहद्द मानत नव्हतं. हंगामाप्रमाणे ते इकडून तिकडे जायचं.

आणि ते जाणंच गुन्हा ठरलं होतं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा तुम्ही ऐकला असेल. आधी उत्तरेत लागू झाला, १९११ पासून मुंबई इलाख्यातही आला, १९२४ साली सगळं एकत्र करून पुन्हा नवा केला. एखादी जमात यादीत घातली की तिच्यातल्या माणसाची नोंद, बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी, गाव सोडायला परवाना. माणसाने काय केलं हे बघायचं नाही, कुणाच्या पोटी जन्मला ते बघायचं. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली, आजही त्या भागाला तेच नाव आहे. निजामाच्या राज्यातही गुन्हेगार जमातींसाठी वेगळा कायदा होता. आता विचार करा. ज्याचा धंदा पहाटे तीनला उठून, अंधारात, आवाज न करता, दुसऱ्याच्या शेताच्या कडेला दबा धरून बसायचा, त्याला रात्री घराबाहेर दिसायची बंदी. शिकारीची सगळी कौशल्यं जशीच्या तशी गुन्ह्याचा पुरावा झाली. दबकत चालतो, म्हणजे चोर. माग ओळखतो, म्हणजे चोर. आवाज बदलतो, म्हणजे तर सराईत.

काहींनी खरंच चोऱ्या केल्या का? केल्या. मी वीस वर्षं या भागात बातमीदारी केली आहे, सगळे पारधी संत आहेत असं लिहिणार नाही. पण आपण 'पारध्यांची टोळी' असा मथळा जितक्या सहज देतो, तितक्या सहज दुसऱ्या कुठल्याही जातीच्या नावाने टोळीचा मथळा दिला तर संध्याकाळपर्यंत कार्यालयावर मोर्चा येईल.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पुढे वीस वर्षांनी १९७२ आलं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो ज्वारी. परभणीला कृषी विद्यापीठ त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालं. आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला वन्यजीव संरक्षण कायदा आला. गंमत अशी की सुरुवातीला त्यातही 'लहान शिकार' नावाची यादी होती, ससा त्यात, आणि परवाना काढून शिकार करायची सोय होती. फी भरायची, अर्ज करायचा. बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाला हे काही अवघड नव्हतं. पालावरच्या माणसाकडे अर्जावर लिहायला पत्ताच नव्हता. १९९१च्या दुरुस्तीने ती परवान्याची शिकारही बंद झाली. आज कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फास लावणं, जाळं लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारच. म्हणजे माळावर जाऊन आवाजाने तितर ओढलं आणि ते हाताला लागलं नाही तरी तुम्ही अडकू शकता. सशाच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, दंड २०२२च्या दुरुस्तीने एक लाखापर्यंत नेला. त्या व्हिडीओतल्या पोरांनी हे वाचलं असेल तर बरं.

माझं मत विचाराल तर शिकारबंदी बरोबरच आहे. ती नसती तर आज माळावर एवढं तरी उरलं नसतं. पण बंदी घालताना समोरच्याला पर्याय द्यायचा असतो, तो भाग राहून गेला. मासेमारी बंद केली की कोळ्याला काय देणार हे सरकार निदान कागदावर तरी लिहितं. पारध्याला १९७२ साली कुणी बोलावून सांगितलंही नाही की आजपासून तुझा धंदा बंद. त्याला कळलं ते पकडल्यावर.

आणि ससे कमी झाले ते फाशामुळेच का? जरा आपल्याच वावरात बघू. आपल्या लहानपणी ज्वारी, मूग, तूर, करडई, मध्ये पडीक तुकडा, धुऱ्यावर हातभर गवत. आता कापूस आणि सोयाबीन, धुरा जेसीबीने कोरलेला, उरलेल्या गवतावर तणनाशक. सशाला बसायला जागा नाही, तितराला अंडी घालायला जागा नाही. गावागावातली मोकाट कुत्री रात्री माळावर असतात, त्यांचा हिशोब कोण करतंय? बाबा म्हणाले, "आमी धरत व्हतो तवा तितर व्हतं. आमी सोडलं आन् तितर बी गेलं. मग कुनी नेलं?" मी गप्प बसलो. आमच्या घरच्या शेतातही गेली काही वर्षं फवारणीच आहे.

तोंडाच्या आवाजाची जागाही आता यंत्राने घेतली आहे. लाव्याचा आवाज तासतासभर रेकॉर्ड केलेला मोबाइलवर सहज सापडतो. पाकिस्तानात असे स्पीकर रात्रभर शेतात लावून स्थलांतर करणारे लावे जाळ्यात ओढतात, एका रात्रीत कितीतरी. युरोपने १९७९च्या पक्षी संरक्षणाच्या नियमातच टेपरेकॉर्डर लावून पक्षी धरायला मनाई केली, कारण त्यांना फरक कळला होता. तोंडाने बोलावणारा माणूस थकतो. त्याला भूक असते तेवढंच तो धरतो. स्पीकर थकत नाही.

हा आवाज दुसऱ्या कामाला लावता येतो का? लावलाय की. सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम सुरू केलं, स्थलांतराचा अभ्यास म्हणून. पक्षी जिवंत, एकही पीस न मोडता धरणार कोण? त्यासाठी बिहारचे मीरशिकार आणले, पिढीजात फासेवालेच. त्यातला अली हुसेन हे नाव पक्षी अभ्यासकांमध्ये आजही आदराने घेतात. शिकाऱ्याचं तेच कौशल्य, फक्त धरलेला पक्षी कडी घालून सोडून द्यायचा. मध्य प्रदेशात पन्ना इथे २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता आणि बोट पारध्यांकडे दाखवलं गेलं. आज त्याच पन्न्यात पारधी तरुण पर्यटकांना पायी फिरवतात, माग दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात आणि त्याचे पैसे मिळवतात. एवढं लांब कशाला, आपल्या शेजारी वाशीम-अकोल्यात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरान राखायचं, तणमोर वाचवायचं काम उभं केलंय. तणमोर गवतातून उडी मारतो ती जागा पारध्याइतकी कुणाला माहीत असणार?

आणि आमिष म्हणाल तर सरकारलाही लागतं. २०१८ साली पांढरकवड्याची अवनी वाघीण सापडत नव्हती, तेव्हा तिला ओढायला कॅल्विन क्लाइन कंपनीचं महागडं अत्तर वापरायचं ठरलं होतं. जगभरच्या पेपरात बातमी आली. वाघाला त्या वासाची ओढ असते म्हणे. मी तेव्हा ती बातमी वाचून दाखवली तर एक पारधी गडी म्हणाला, "आमाला इचारलं असतं तं फुकटात सांगितलं असतं तिची वाट कोनती." बढाई असेल थोडी. पण विचारलं कुठे कुणी?

परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरतं. जे काही रान आहे ते माळ, गायरान, डोंगरउतार, आणि दुधना-पूर्णेच्या काठचा झाडोरा. तिथे आज ससे किती, तितर किती, लावा येतो का, तणमोर कधी दिसला होता, याची नोंद ठेवायची तर हिवाळ्यात पहाटे उठून ऐकावं लागेल. बघून कळत नाही, गवतातला पक्षी दिसत नाही, ऐकूच येतो. हे काम दहा-बारा पारधी माणसांना रोजगार हमीच्या दराने जरी दिलं तरी होईल. मी हे दोन अधिकाऱ्यांशी बोललो. दोघेही म्हणाले, कल्पना चांगली आहे. एकाने पुढे विचारलं, पण त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?

बाबांचा तो मोबाइलवाला नातू यंदा बारावी झाला. त्याला वनरक्षकाची भरती द्यायची आहे. धावण्यात पहिला येईल, यात मला शंका नाही. अडलंय ते जातीच्या दाखल्यावर. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यामुळे ६ सप्टेंबर १९५०च्या आधीपासून कुटुंब इथलं रहिवासी असल्याचा पुरावा मागतात. पणजोबाचा शाळेचा दाखला नाही, कारण पणजोबा शाळेत गेले नाहीत. सातबारा नाही, कारण जमीन नाही. ज्या गायरानावर पाल आहे तिथे २०२२च्या शेवटी अतिक्रमणाची नोटीस आली होती, तेवढाच त्यांच्या पत्त्याचा सरकारी कागद. पणजोबांचं नाव त्या काळी कुठे लिहिलेलं असेल तर ते ठाण्याच्या हजेरीच्या वहीत. नातवाने माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, उर्दू वाचणारा कुणी असेल तर मला कळवा, कारण नोंद सापडलीच तर ती निजामाच्या काळची निघेल.